युरी रोमँटिक कॉमेडी मांगामध्ये लोकांना एवढं काय आवडतं?

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि युरी म्हणजे त्यातल्या मुलींच्या एकमेकींवरच्या प्रेमाच्या गोष्टी. प्रश्न दोन भागांत आहे: शाळकरी मुलींच्या कोवळ्या प्रेमाच्या या मांगा लोक इतक्या जीव लावून का वाचतात, आणि सुरुवात कुठून करावी. दोन्हींसाठी हिरोमी ताकाशिमा यांची 'असागाओ तो कासे-सान' घेऊ.

यामादा शाळेतल्या झाडांची निगा राखणारी बुजरी मुलगी, कासे धावण्याच्या संघातली सगळ्यांची लाडकी खेळाडू. यामादाने लावलेल्या असागाओमुळे, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीमुळे, दोघी जवळ येतात. एवढीच गोष्ट.

युरीतली खरी गंमत इथे नीट दिसते. दोन मैत्रिणी हातात हात घालून चालल्या तर कुणी वळूनही बघत नाही. त्यामुळे जिचा हात धरलाय तिलाच प्रश्न पडतो, ही मैत्री की आणखी काही? मुलगा-मुलीच्या गोष्टीत त्याच स्पर्शाचा अर्थ लगेच लागतो. इथे तो लागत नाही, आणि यामादाच्या मनातली सगळी धांदल, हसू आणि धडधड त्यातूनच येते.

दुसरं म्हणजे 'सांगू की नको' हा घोळ शेवटपर्यंत ताणलेला नाही. दोघींचं लवकर जमतं. मग मत्सर, सहलीतली फजिती, आणि शेवटी कासे तोक्योला शिकायला जाणार म्हटल्यावर यामादाने काय करायचं, हा मोठा पेच. माझ्या मते मालिकेचा कस तिथे लागतो.

जमल्यावरही यामादा तिला 'कासे-सान'च म्हणते, म्हणजे आडनाव आणि त्यापुढे 'सान' हा आदराचा प्रत्यय. जपानीत आडनावावरून नावावर येणं आपल्या 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्यासारखं आहे. म्हणून 'सान' राखलेलाच अनुवाद घ्या. तो गाळला की अर्धा संकोच हरवतो.

खंड 5 आहेत, प्रत्येकाच्या नावातला पहिला शब्द तेवढा वेगळा: असागाओ, ओबेंतो, शॉर्टकेक, एप्रन, साकुरा, याच क्रमाने. चौकटी उजवीकडून डावीकडे वाचा, आणि संवाद नसलेल्या चौकटींवर थांबा. कबुली बऱ्याचदा तिथेच असते. सुरुवातीची प्रकरणं 'हिरारी' या युरी संग्रहासाठी काढलेली, त्यामुळे एकेक प्रसंग सुटा वाचला तरी पुरा वाटतो.

2018 चा 58 मिनिटांचा ॲनिमे, म्हणजे याच गोष्टीवरचा ॲनिमेशनपट, सुंदर आहे, पण त्यापासून सुरुवात करू नका. त्यात जोडी आधीच जमलेली असते, म्हणजे पहिल्या खंडातली सगळी चाचपड निसटते. पाचवा खंड संपला की 'यामादा तो कासे-सान' घ्या. त्यात दोघी कॉलेजात आहेत.