सिगारेट ओढतो, पण हिरड्यांतून कधी रक्त येत नाही. मग सीआरपी वाढल्यावर डॉक्टर दात तपासायला का सांगतात?

तुमचा एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह (सूज) दाखवणाऱ्या सीआरपी या प्रथिनाची बारकाईनं केलेली रक्ततपासणी, 4.6 आलाय (3 च्या वर म्हणजे जास्तच) आणि रोज आठ-दहा सिगारेटी होतात. मी हिरड्यांच्याच आजारांवर काम करतो, म्हणून आधी हे सांगतो: रक्त येत नाही यावर अजिबात भिस्त ठेवू नका. निकोटीनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत असतं आणि वरून हिरडी फिकट, घट्ट, छान दिसते. सिगारेटवाले पेशंट बहुतेकदा दात हलायला लागल्यावरच येतात. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत ब्रश करताना रक्त दिसू लागतं, तेव्हा मात्र घाबरतात! खरं तर तेव्हा हिरडी पुन्हा जिवंतपणे वागू लागलेली असते.

सीआरपी बनतं यकृतात. दात आणि हिरडीमधल्या पॉकेटात (खोल झालेल्या फटीत) जंतू साठले की तिथून इंटरल्युकिन-6 सारखी दाहाचा निरोप नेणारी रसायनं रक्तात उतरतात आणि यकृताला कामाला लावतात. पायोरिया (हाच तो हिरडी आणि हाड झिजवणारा आजार) तोंडभर पसरला असेल तर या पॉकेटांचं आतलं अस्तर 8 ते 20 चौरस सेंटीमीटर भरतं, असा अंदाज आहे. एवढी जखम हातावर असती तर तुम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

धुराचा दाह वेगळाच. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही वाढतात, शिवाय जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी नीट काम करत नाहीत, म्हणून पायोरियाही बळावतो. तुमच्या 4.6 मध्ये कोणाचा वाटा किती, हे रिपोर्टवरून कळत नाही. सुटलेलं पोट किंवा नुकताच येऊन गेलेला ताप, हेही कारण असू शकतं.

डेंटिस्टकडे नुसतं 'क्लीनिंग' करून परतू नका. प्रत्येक दाताभोवतीचं पॉकेट किती खोल आहे ते प्रोबनं (खुणा असलेल्या बारीक सळईनं) मोजायला सांगा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 6 च्या पुढे प्रकरण गंभीर. खोल सफाईनंतर लगेच सीआरपी करू नका, पहिल्या एक-दोन दिवसांत तो उलट चढतो. तीन महिन्यांनी करा, आणि घट झाली तरी ती माफकच असेल. सिगारेट चालू ठेवलीत तर आणखी कमी.

आणि 'आठ-दहा' म्हणजे आठ की दहा, ते डॉक्टरांना खरं सांगा. हिरड्यांच्या आजारांच्या 2018 च्या वर्गीकरणात पायोरियाच्या पेशंटनं दिवसाला 10 सिगारेटी गाठल्या, की तो थेट सर्वांत वेगानं बिघडणाऱ्या गटात धरला जातो.