ठाण्यातल्या दमट हवेत स्थितिक विद्युतचे प्रयोग कसे जमवायचे?

सातवीच्या वर्गात कंगवा केसांवर घासून दाखवला, कागदाचा एक कपटाही हलला नाही आणि मुलं हसली. काय चुकलं, असं तुम्ही विचारलंय. तुमचं काही चुकलं नाही, महिना चुकला. मीही नौपाड्यात विज्ञान शिकवते आणि पहिल्याच वर्षी जुलैत अशीच तोंडघशी पडले होते.

घासल्यावर प्रभार तयार होतो, पण पावसाळ्यात कंगव्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. त्यात मुलांच्या डोक्याला खोबरेल तेल. मग कंगवा नुसताच घसरतो.

जमलं तर हा धडा डिसेंबर-जानेवारीत, दुपारच्या तासाला घ्या. थांबणं शक्य नसेल, तर सगळं सामान तासाआधी हेअर ड्रायरने कडकडीत कोरडं करा. आणि पंखा बंद! कपटे पंख्याने उडाले की मुलं त्यालाच वीज समजतात.

कंगवा मात्र सोडाच. वायरिंगवाल्याकडून पीव्हीसी पाईपचे हातभर लांबीचे दोन तुकडे आणा आणि लोकरी मफलरने घासा. (ठाण्यात मफलर दुसऱ्या कशाला लागतो?) पाईपवर ऋणप्रभार येतो. पूर्वी मी स्ट्रॉ वापरायचे, पण 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ ओल धरतो, त्यामुळे तो कामाचा नाही.

सुरुवात कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनने करा. तो टेबलावर आडवा ठेवा आणि घासलेला पाईप न टेकवता जवळ न्या. कॅन पाईपमागे गडगडत येतो. मागच्या बाकावरचेही उभे राहतात.

मग पोळ्या गुंडाळायच्या फॉईलचे बारीक तुकडे. ते उडी मारून पाईपला चिकटतात आणि लगेच दूर फेकले जातात. इथे घाई करू नका, "आधी ओढलं, मग ढकललं का?" हे मुलांनाच विचारा. तुकड्यावर आधी एकूण प्रभार शून्य असतो. पाईप जवळ आला की तुकड्यातले इलेक्ट्रॉन पलीकडे सरकतात, अलीकडची बाजू धन होते आणि तुकडा ओढला जातो. टेकताच पाईपचा ऋणप्रभार त्याच्यावरही येतो, मग दोघे सजातीय, म्हणजे एकाच प्रकारच्या प्रभाराचे, आणि ते एकमेकांना ढकलतात.

शेवटी एक पाईप दोऱ्याने आडवा टांगा, त्याचं एक टोक घासा आणि दुसरा घासलेला पाईप त्या टोकाजवळ न्या. टांगलेला पाईप दूर वळतो. हा प्रयोग वगळू नका. आकर्षण तर प्रभार नसलेल्या वस्तूचंही होतं, कॅनचं झालंच की. दोन्हींवर प्रभार आहे हे प्रतिकर्षणावरूनच, म्हणजे दूर ढकलण्यावरूनच, कळतं. परीक्षेत हमखास चुकतं ते हेच.

फुग्याने नळाची धार वाकवणंही सोपं आहे, फक्त धार सुतासारखी बारीक ठेवा आणि फुगा भिजू देऊ नका. भिजला की परत ड्रायर.