जिभेचा मागचा भाग आणि जेवणानंतरची सुपारी

आपल्या गटातल्या म्हापशाच्या एका सदस्यांनी विचारलंय की दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं आणि तोंडाला वास येतो असं घरची माणसं सांगतात. जीभ पांढरट दिसते, गालाला आतून वरचेवर फोड येतात. पोट साफ होण्याचं चूर्ण महिनाभर घेऊन झालं, माउथवॉश रोज चालू आहे, पण फरक नाही. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘तंबाखू नाही, जेवल्यावर फक्त सुपारी.’ मी दंतवैद्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलंय, त्या जोरावर लिहिते.

वासासाठी म्हणून चूर्ण घेत असाल तर ते थांबवा. दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत वासाचं मूळ तोंडातच असतं, पोटात नाही. जिभेच्या मागच्या खडबडीत भागावर अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि लाळ यांचा थर साचतो. त्यातली प्रथिनं जिवाणू कुजवतात आणि गंधकाचे वायू सुटतात. त्यातला एक हायड्रोजन सल्फाइड, नासक्या अंड्याला येतो तोच वास. तुमची पांढरी जीभ म्हणजे बहुधा हाच थर. एक चमचा घेऊन जिभेच्या अगदी मागून हलकेच खरवडा आणि थोड्या वेळाने हुंगा, उत्तर मिळेल.

बहुतेक लोक जिभेचा पुढचा भागच घासतात, कारण मागे गेलं की उमासा येतो. श्वास सोडत, जीभ पूर्ण बाहेर काढून टंग क्लीनर मागून पुढे ओढा. जोर नको, रक्त येता कामा नये. रात्री झोपण्यापूर्वी हे करणं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ फार कमी होते आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. दिवसासुद्धा तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. दुकानातल्या माणसाचं पाणी पिणं राहून जातं, जेवण तीन वाजता होतं. रक्तदाबाच्या, सर्दीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनीही तोंडाला कोरड पडते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. माउथवॉश घ्यायचाच तर बिनअल्कोहोलचा घ्या. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा असेल तर तो डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरताच, रोज वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

हिरड्यांतून रक्त येतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर दातांवर कीटण साचलंय, आणि ते दवाखान्यातच काढावं लागतं. दातांच्या फटींतून दोरा फिरवा आणि हुंगून बघा. ज्या फटीतला दोरा घाण वास देतो तिथे कीड किंवा अडकलेलं अन्न असणार. सुक्या बांगड्याचा, सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुरीचा वास चूळ भरून, दात घासून बराचसा जातो. लसणीचा जात नाही, कारण त्यातला एक घटक रक्तात उतरून फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर येतो. त्याला वेळ जाऊ देणं हाच इलाज. त्यावर बडीशेप खा, सोलकढी प्या, बरं वाटेल एवढंच.

आता फोडांचं. नेहमीचं तोंड येणं साधारण दोन आठवड्यांत बरं होतं. पुन्हा पुन्हा येत असेल तर हिमोग्लोबिन, लोह, बी-12 आणि फॉलिक अॅसिड तपासून घ्या. एकाच जागी येत असेल तर तिथला दात टोकदार झालाय का ते पाहा. सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली टूथपेस्ट वापरून काहींना आराम पडतो. जीभ नकाशासारखी लाल-पांढरी दिसत असेल आणि चट्टे जागा बदलत असतील तर घाबरू नका, तो निरुपद्रवी प्रकार आहे. पांढरा थर पुसला जातो आणि खाली लाल, हुळहुळी जागा दिसते, ती मात्र बुरशी असू शकते. मधुमेह किंवा दम्याचा स्टेरॉइड पंप असणाऱ्यांनी लगेच दाखवावं.

माझा जीव खरा तुमच्या त्या ‘फक्त सुपारी’त अडकलाय. फोंडा, सत्तरीच्या कुळागरांतली सुपारी आपल्या घरची, देवाच्या विड्यातली, म्हणून ती कुणाला अपायकारक वाटतच नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही निश्चित कर्करोगकारक ठरवलंय, त्याचा अहवाल 2004 मध्ये आला. सुपारीने गालाच्या आतली त्वचा हळूहळू कडक, फिकट होत जाते. पहिली खूण अशी, की नेहमीचंच हुमण (माशांची आमटी) एकाएकी झोंबायला लागतं. माणसाला वाटतं उष्णता झाली. मग तोंड कमी उघडायला लागतं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. सहज जात नसतील तर आजच सुपारी सोडा. कडक झालेली त्वचा पुन्हा पूर्ववत होत नाही, पण सोडल्याने पुढचं बिघडणं रोखता येतं. मशेरी लावणारं कुणी घरात असेल तर त्यांचंही तोंड बघा, ती तंबाखूच आहे.

तीन आठवड्यांत न भरलेला फोड, न पुसणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना दुखणं, यातलं काहीही असेल तर बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात जा. सुपारी किती आणि किती वर्षं खाता ते तिथे खरं सांगा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.