आईचं श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिता, ‘आईला नर्सिंग होममध्ये ठेवून चौदा महिने झाले. भेटायला गेलं की खिडकीबाहेर बघत बसते. काहीही विचारलं तरी हसून हो म्हणते. तिथल्या नर्स म्हणतात, डिमेन्शिया आता पुढच्या टप्प्यात गेलाय.’ भावाचं बोलणं, नवी औषधं, स्वतःबद्दलची भीती असं सगळं लिहून झाल्यावर अगदी शेवटी, जाता जाता एक वाक्य: ‘श्रवणयंत्र आहे, पण ती काढून टाकते म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.’

अहो, पत्राची सुरुवातच या वाक्यानं व्हायला हवी होती!

माझे नेहमीचे वाचक जाणतात, मी आधी कानाचंच विचारते. माझे वडील, आमचे अण्णा, शेवटची चार वर्षं अशाच एका ठिकाणी होते. तेही सगळ्याला हो म्हणायचे. मी अर्धा तास बसायचे आणि परतताना गाडीत रडायचे. एकदा त्यांचा ड्रॉवर आवरताना यंत्र सापडलं, टिश्यूपेपरात गुंडाळलेलं. बॅटरी संपून किती दिवस झाले होते कोण जाणे, टोकाशी मळ कडक होऊन बसला होता. डॉक्टरांकडून दोन्ही कान साफ करून घेतले, यंत्र सुरू केलं. पंधरा दिवसांत अण्णांनी शेजारच्या खोलीतल्या खोकल्याची तक्रार केली! स्मरणशक्ती परत आली नाही. मला ते आत्याच्या नावानंच हाक मारत राहिले. पण हाक मारत होते.

वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, फ, त, थ ही व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच वाटतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतंय, पण कळत नाही.’ ओरडून काही साधत नाही. त्यात आजूबाजूला टीव्ही आणि समोरची नर्स परक्या भाषेत भराभर बोलणारी. गोंगाटात दुसरी भाषा समजणं किती जड जातं, हे आपण सगळ्यांनीच इथे परदेशात आल्यावर पहिल्या वर्षी अनुभवलंय. तुमच्या आईच्या वयाला तर विचारूच नका.

‘पुढचा टप्पा’ कशावरून ठरवला, तेही विचारा. स्मरणशक्ती तपासायच्या मोका नावाच्या चाचणीत पाच शब्द ऐकवून नंतर आठवायला सांगतात. शब्द ऐकूच आले नाहीत, तर आठवणार कुठून? श्रवणदोष असलेल्यांसाठी याच चाचणीची वेगळी आवृत्ती आहे, ती मागा.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं 2024 साली डिमेन्शियाची 14 टाळता येण्याजोगी कारणं मांडली. त्यांत बहिरेपणाचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी एक, सुमारे 7 टक्के. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं झालेल्या ‘अचीव्ह’ या श्रवणयंत्राच्या अभ्यासाचा निकाल 2023 साली आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्रानं फरक दिसला नाही. मात्र ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. ही सगळी डिमेन्शिया नसलेली माणसं होती, त्यामुळे यंत्र लावलं की आई बरी होईल असं मी म्हणत नाही. ती पुन्हा बोलण्यात येईल, एवढ्यासाठी मी हट्ट धरतेय.

‘काढून टाकते’ म्हणता, पण का काढते? कान मळानं बंद असेल, यंत्र टोचत असेल, नाहीतर उजव्याचं डाव्यात जात असेल. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. यंत्र चालू करून मुठीत धरा, बहुतेक यंत्रं शीळ घालतात. घातली नाही तर बॅटरी बदला. बटणासारख्या बॅटरीवरचा चिकट कागद काढून मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. आणि सकाळी यंत्र लावायचं, रात्री काढायचं, हे काम आईच्या काळजीच्या लेखी आराखड्यात घालून घ्या. ‘बघतो’ या तोंडी आश्वासनावर अण्णांचे आठ महिने गेले, त्याचा मला अजून राग आहे. आईशी बोलताना टीव्ही बंद करा, समोर बसा, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या.

आता बाकीचं. भाऊ लांबून ‘आईला टाकलंस’ म्हणतो, त्याला आठवडाभर येऊन राहायला सांगा. त्याच्याशी वाद घालण्यात तुमची शक्ती घालवू नका. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही औषधं अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत, आईचा त्यात विचार होणार नाही. ‘मलाही होईल का?’ एकाच जनुकानं घराण्यात उतरणारा प्रकार फार विरळा. तुमचा रक्तदाब आणि तुमचेही कान तपासून घ्या. आणि आई दोन-चार दिवसांत एकाएकी गोंधळली किंवा गुंगीत राहू लागली, तर तो ‘टप्पा’ समजून थांबू नका. जंतुसंसर्ग किंवा नवं औषधही कारण असतं, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

शनिवारी जाणार आहात ना? जाताना नव्या बॅटऱ्या घेऊन जा, आणि त्याआधी फोन करून डॉक्टरांकडून आईचे कान तपासायची वेळ ठरवा.