पित्त म्हणून अंगावर काढलेली अर्धशिशी

प्रश्न : मी ३४ वर्षांची शिक्षिका आहे. महिन्यातून दोन-तीनदा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते आणि उलटी झाली की हलके वाटते. उपवास केला की हमखास होते, म्हणून घरचे याला पित्त म्हणतात; पण पित्ताच्या गोळ्यांनी काहीच फरक पडत नाही.

उत्तर : उलटीनंतर डोके उतरते, या अनुभवामुळे हे दुखणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पित्ताच्या खात्यावर जमा होत आले आहे. वस्तुतः मळमळ आणि उलटी ही या दुखण्याची कारणे नसून त्याचाच भाग आहेत, आणि आपण केलेल्या वर्णनावरून ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, असण्याची शक्यता बरीच आहे. उपचाराविना ४ ते ७२ तास टिकणारे, एका बाजूचे, ठणकणारे, मध्यम ते तीव्र आणि जिना चढल्यावर वाढणारे, यांपैकी किमान दोन लक्षणे असणारे दुखणे, त्याच्या जोडीला मळमळ किंवा प्रकाश आणि आवाज दोन्ही नकोसे होणे, आणि असे किमान पाच झटके येऊन गेलेले असणे, ही निदानाची प्रचलित कसोटी आहे. मिक्सरचा आवाज किंवा फोडणीचा वास आला तरी उठून अंधाऱ्या खोलीत जावेसे वाटते का, हे मी रुग्णांना आवर्जून विचारतो. उपवासाबद्दल घरच्यांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकला आहे. उपाशी राहणे, जागरण, ऊन आणि पाळीचे दिवस यांनी अनेकांचा झटका सुरू होतो.

झटक्यात जठराचे काम मंदावते, त्यामुळे दुखणे चढल्यावर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, लागल्यास उलटीच्या गोळीबरोबर, दुखणे सुरू होतानाच घ्यावी. तेवढ्याने भागले नाही तर सुमाट्रिप्टानसारखी खास औषधे असतात. मात्र हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यास ती चालत नाहीत.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून बँकेत नोकरी करतो. पूर्वी महिन्यातून चारदा दुखायचे, आता जवळजवळ रोज दुखते आणि गोळी घेतल्याशिवाय काम होत नाही. गोळीची शक्ती वाढवावी का?

उत्तर : वाढवू नये. आता बहुधा गोळीच दुखणे टिकवून धरते आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातली औषधे) किंवा कॅफिनसह अनेक घटक असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले की डोकेदुखीचा हा वेगळाच प्रकार जडतो. येथे गोळ्यांपेक्षा दिवस मोजणे महत्त्वाचे असते. त्यासाठी वही नको. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्याच चौकोनात दुखले तर फुली आणि गोळी घेतली तर गोल काढावा. असे कॅलेंडर घेऊन आलेल्या रुग्णाचे अर्धे निदान भिंतीवरच झालेले असते, आणि पुष्कळांना स्वतःचे गोल मोजून धक्का बसतो.

गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस दुखणे उलट वाढते, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच पुन्हा दुकान गाठतात. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे आणि त्याच सुमारास प्रतिबंधक औषध, म्हणजे झटके कमी व्हावेत म्हणून नियमित घ्यायचे औषध, सुरू करावे. अशा औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला देत नाहीत. फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढते. टोपिरामेटने वजन घटते, बोटांना मुंग्या येतात, आणि गर्भाला धोका असल्याने गरोदरपणात ते टाळतात. यांतले कोणते द्यायचे, हे रुग्णाच्या इतर आजारांवरून ठरते. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. आठवड्याभरात ‘लागू पडले नाही’ म्हणून औषध सोडणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

प्रश्न : डोके दुखण्याआधी वीसेक मिनिटे मला नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसतात. वय २७, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. नेत्रतज्ज्ञांना काही दोष आढळला नाही.

उत्तर : हा डोळ्यांचा विकार नसून मेंदूत उमटणारी पूर्वसूचना आहे, जिला ‘ऑरा’ म्हणतात, ती सहसा ५ ते ६० मिनिटे टिकते. अशा स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे पक्षाघाताची जोखीम वाढते आणि धूम्रपानाने ती आणखी वाढते. तेव्हा आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना या रेषांविषयी स्पष्ट सांगून तांबीसारखा दुसरा पर्याय लवकर ठरवावा.

प्रश्न : माझ्या ६२ वर्षांच्या वडिलांचे डोके दोन आठवड्यांपासून दुखते आहे, पूर्वी कधी दुखत नव्हते. मला मायग्रेन आहे, तेच त्यांना झाले असेल का? दोघांनीही एमआरआय करावा का?

उत्तर : आपली तपासणी सामान्य असेल आणि दुखण्याची जुनी पद्धत बदलली नसेल, तर आपल्याला एमआरआयची गरज नाही. वडिलांची गोष्ट निराळी आहे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, क्षणात शिगेला पोहोचणारी वेदना, तापासह ताठ झालेली मान, किंवा हातापायांतली शक्ती जाणे, यांना मायग्रेन समजून थांबू नये. वडिलांची कानशिले दाबल्यावर दुखतात का आणि भाकरी चावताना जबडा भरून येतो का, हे आजच विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून त्यांना आजच रुग्णालयात न्यावे आणि चष्म्याचा नंबर तपासण्यात वेळ घालवू नये.