बाईकचा गिअर अडकतोय? आधी केबल, मग ऑइल बघ

गिअर अडकतो म्हणून लगेच इंजिन खोलायला देऊ नकोस. आधी क्लच केबलचा प्ले, म्हणजे तिची ढील बघ, बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. मग ऑइल. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असायचं. आजच्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, क्लच, गिअर सगळं एकाच ऑइलवर चालतं. म्हणून कारचं उरलेलं ऑइल ओतायचं नाही. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच प्लेटा घसरू शकतात. मी ही कंजुषी एकदा केली, घाटात इंजिन नुसतंच ओरडत होतं! डब्यावर 'जासो' या जपानी मानकाचं 'एमए' किंवा 'एमए२' हवंच, 'एमबी' स्कूटरसाठी. ग्रेड, म्हणजे ऑइल किती घट्ट ते, मात्र मॅन्युअलमधलीच. १०डब्ल्यू-३० लिहिलंय तिथे त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० घातलं की थंडीत सकाळी गिअर जड पडतात.