सुजितोंचं बुकिंग झालं म्हणजे वाट उघडी, असं नाही

ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयला तीन दिवस, सोबत नऊ वर्षांची मुलगी, तिथल्या सुजितों खाडीचं बुकिंग हातात, आणि फोनवर माहिती देणाऱ्या बाईंनी सांगितलं की ‘बुकिंग आहे ना, मग काही अडचण नाही’. तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. अगदी हेच उत्तर मला तिथल्या एका माहिती कार्यालयात समोरासमोर मिळालं होतं, आणि त्यापायी कॅलांकमधला, म्हणजे मार्सेयजवळच्या चुनखडीच्या कड्यांमधल्या खाड्यांचा, आमचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस वाया गेला. कार्यालयाचं नाव घेत नाही. नाव घेऊन तुमचा काही फायदाही नाही.

बूट, टोपी, सनस्क्रीन वगैरेंवर लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माहीतच असणार. एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. इथे दोन वेगवेगळी दारं आहेत आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या हातांत आहेत.

पहिलं दार राष्ट्रीय उद्यानाचं. सुजितोंच्या त्या चिमुकल्या खाडीत उन्हाळ्यात एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत माणसं उतरायची. पायांखाली माती झिजून पाइनची मुळं उघडी पडली. म्हणून २०२२पासून गर्दीच्या दिवसांत रोज फक्त ४०० लोकांना सोडतात. बुकिंग फुकट असतं, क्यूआर कोड मिळतो, आणि त्याशिवाय सापडलात तर ६८ युरो दंड. हे तुम्ही केलंत, उत्तम.

दुसरं दार वणव्याचं, आणि ते प्रशासनाच्या म्हणजे प्रीफेक्चरच्या हातात. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात वारा आणि कोरडेपणा बघून दुसऱ्या दिवशी डोंगर उघडा ठेवायचा की नाही ते ठरतं. रंगांचा नकाशा आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. लाल आला की त्या भागात पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर १३५ युरो दंड. तुमच्या हातात सुजितोंचं बुकिंग आहे का, याच्याशी त्या नकाशाला काहीही देणंघेणं नाही. लाल दिवशी बुकिंग आपोआप रद्द. दुसऱ्या दिवशी जायचं तर जागा शिल्लक असेल तरच, आणि तीही नव्याने घ्यायची.

आम्ही आदल्या दुपारी मुद्दाम त्या कार्यालयात गेलो होतो. बाहेर मिस्त्राल, म्हणजे तिथला उत्तरेकडचा वारा, इतका जोरात होता की दार लोटायला जोर लावावा लागत होता. मी सरळ विचारलं, उद्या हा वारा असाच राहिला तर सुजितोंला जाता येईल का? काउंटरवरच्या व्यक्तीने माझ्या फोनवरचा कोड पाहिला, बुकिंग आहे असं म्हणाली आणि हाताने पुढच्या माणसाला बोलावलं. नकाशाचा उल्लेखसुद्धा नाही. सकाळी बसने लुमिनीला उतरलो, विद्यापीठाच्या मागून वाट सुरू होते तिथे पहारेकरी उभा. त्याने आपला फोन आमच्यापुढे धरला, सगळा किनारा लाल. बिचारा नम्रपणे बोलत होता, मुलांना पाणीही दिलं. परत त्या कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं की वणव्याचा निर्णय आमचा नाही. मान्य, निर्णय तुमचा नाही. पण नकाशा नावाची गोष्ट असते आणि ती संध्याकाळी बघावी लागते, हे सांगायला कुणाची परवानगी लागते? याचा राग मला आजही येतो, कारण तिथे रांगेत उभ्या असलेल्या जवळपास प्रत्येकाला हीच एक माहिती हवी होती.

म्हणून माझं ठाम मत: कुठल्याही काउंटरला ‘जाता येईल का’ असं विचारू नका. उद्यानाचं ‘मे कॅलांक’ नावाचं अॅप आहे, त्यात किंवा प्रीफेक्चरच्या नकाशावर रोज संध्याकाळी स्वतः बघा. (नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, मी तिथली अधिकारी नाही, निघण्याआधी एकदा ताडून घ्या.) आणि तीन दिवसांपैकी कुठला दिवस डोंगराचा हे आधी ठरवून टाकू नका. ते संध्याकाळचा नकाशा ठरवेल.

सुजितोंहून डोंगरातून चालत आँ व्होच्या खाडीला आणि तिथून कासी गावाला, हा तुमचा बेत मात्र मी सोडून देईन. मोठ्या माणसांना, आणि वसंतात, जरूर. ऑगस्टमध्ये मुलीसोबत नाही. आपल्याला सह्याद्रीची सवय, कुठेतरी टाकं, कुठेतरी झरा मिळेल असं मनात असतं. इथे चुनखडी पडलेला सगळा पाऊस गिळून टाकते, वाटेवर पाण्याचा थेंब नाही, सावलीही थोडीच. माणशी किमान दोन लिटर, आणि त्यातलं अर्धं परतीच्या चढासाठी राखून ठेवा, कारण इथे उतरणं आधी असतं आणि चढ नेमका भर दुपारी येतो. आँ व्होला शेवटी घळीतून उतरावं लागतं. लाखो पावलांनी तिथला पांढरा दगड घासून काचेसारखा गुळगुळीत झालाय, हातांचा आधार घेतल्याशिवाय उतरता येत नाही. त्याऐवजी कासीहून पोर म्यू खाडीच्या काठाकाठाने पोर पाँ खाडीपर्यंत जा. वाट सोपी, छोटी पुळण, मुलीला निवांत पोहता येईल. आँ व्हो वरूनच बघा. अर्थात तिच्या पायांत किती दम आहे ते तुम्हालाच ठाऊक. कासीचं रेल्वे स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे, तिथून बस आहे, तेवढं अंतर वेळेत धरा.

पोहण्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. मिस्त्राल वाहून गेल्यावर आकाश निळंशार असतं, ऊन कडक, आणि पाणी बर्फगार. वारा वरचं कोमट पाणी समुद्रात ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. २४-२५ अंशांचं पाणी एक-दोन दिवसांत १५-१६वर येऊ शकतं. मुलीला एकदम सूर मारू देऊ नका, आधी पाय, मग पाठ. खडकांवर समुद्री साळू असतात, त्यांचे काटे पायात मोडतात, पाण्यात घालायचे बूट न्याच.

भाड्याची गाडी घेऊ नका. सोर्म्यू आणि मोर्ज्यू या खाड्यांचे रस्ते उन्हाळ्यात बाहेरच्या गाड्यांना बंद असतात.

लाल दिवस आलाच तर हॉटेलात बसू नका. जुन्या बंदरातून फ्रिउल बेटांची बोट घ्या. ती बेटंही याच उद्यानात आहेत, तिथे छोट्या खाड्यांमध्ये छान पोहता येतं. मात्र वारा फारच असेल तर फेऱ्याही रद्द होतात, आधी विचारा. कासीहून कॅलांक दाखवणाऱ्या बोटी खाडीत नेऊन परत आणतात, उतरवत नाहीत, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. वाऱ्यामुळे बोटीच बंद असतील तर मार्सेयमध्येच कोस्केर या आदिमानवाच्या चित्रगुहेची प्रतिकृती आहे, २०२२मध्ये उघडली. खरी गुहा मोर्ज्यूजवळ, तिचं तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर. हिमयुगात समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली होता, तेव्हा माणसं तिथे चालत जायची आणि भिंतींवर घोडे काढून, हातांचे ठसे उमटवून गेली. नऊ वर्षांच्या मुलीला ते नक्की आवडेल. आमच्या मुलांना पोहण्याइतकंच आवडलं होतं.

तुमचं बुकिंग कोणत्या तारखेचं आहे ते लिहा. पहिल्या दिवसाचं असेल तर त्यानंतरचे दोन्ही दिवस मोकळे ठेवून कासी आणि फ्रिउल कसं बसवायचं ते सांगते.